दासव्याच्या तळ्याकाठी

इटलीतल्या लिगुरिया प्रांतात, जेनोआपासून जवळच, पोर्तोफिनो नावाचं जुनं मच्छीमारांचं गाव आहे. अर्धवर्तुळाकार बंदर, बंदराला खेटून उभी असलेली अरुंद आणि उंच घरं, कुणाचा रंग गेरूचा, कुणाचा गुलाबी, कुणाचा हळदीसारखा, आणि मागे हिरवा डोंगर. कायमची वस्ती जेमतेम चारशेच्या घरात. या गावाची घडण समोर ठेवून आपल्या सह्याद्रीत, पुणे जिल्ह्यातल्या मोसे खोऱ्यात, लवासा उभं राहिलं. त्यातला सगळ्यात आधी बांधला गेलेला आणि आजही बघण्यासारखा भाग आहे दासवे. पोर्तोफिनो समुद्रावर आहे आणि दासवे वरसगाव धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे बॅकवॉटरवर. हा फरक छोटा वाटतो, पण तिथे जाऊन पाण्याकडे नीट बघितलं की त्या गावाची सगळी गोष्ट त्या एका फरकात सापडते.

आम्ही मीरा रोडहून मे महिन्याच्या अखेरीस निघालो. बरोबर आई होती. लवासाला जाणारे बहुतेक लोक पावसाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर जातात आणि ते बरोबरच आहे. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हवा सुखाची असते, डोंगर हिरवे असतात, सुरुवातीच्या दिवसांत धबधबेही मिळतात. तरी माझं मत असं की धरणाचं तळं एकदा तरी उन्हाळ्याच्या शेवटी बघावं. पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे त्याच्या खाली काय होतं आणि त्याला कोणी कुठे अडवलंय, ते उघडं दिसतं.

आपल्याकडून रस्ता सोपा आहे. काशिमीऱ्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखची चढण ओलांडून ठाणं, पुढे कळंबोली, द्रुतगती मार्ग, बोरघाट, आणि पुण्याच्या बाहेरून चांदणी चौक. सकाळी लवकर निघालात तर घोडबंदर रस्ता त्रास देत नाही. आठनंतर निघालात तर ठाण्यापर्यंतच दमायला होतं. चांदणी चौकातून भूगाव, भुकूम करत पिरंगुटला यायचं आणि तिथे डावीकडे वळायचं. सगळं मिळून अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पिरंगुटमध्येच पेट्रोल, औषधं, पाण्याच्या बाटल्या घेऊन ठेवाव्यात.

उरवड्यानंतर कारखाने मागे पडतात आणि खरं मावळ सुरू होतं. मुठा गाव लागतं, त्याच नावाची नदी सोबतीला येते. मे महिन्यात नदी म्हणजे खडकांतली डबकी असतात. भाताची खाचरं राब भाजून काळी करून ठेवलेली, बांधावर शेणखताचे ढीग, सगळं पावसाच्या तयारीत. रस्त्याकडेला एक आजी पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसल्या होत्या. आईने भाव केला नाही, दोन द्रोण घेतले आणि विचारलं, "आजी, पाऊस कधी लागतो हो इथं?" त्या म्हणाल्या, "मिरगाला लागतो बाय, आन् मग दसऱ्यापातुर दारातला पाय भाईर निघत न्हाई." हे अतिशयोक्त नाही. घाटमाथ्याचा हा पट्टा महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या प्रदेशांपैकी आहे, आणि पुण्याची धरणं इथे आहेत ती त्याचसाठी.

पुढे टेमघर धरणाची भिंत दिसते. मुठा नदीवरचं हे धरण २०१६ साली भिंतीतून होणाऱ्या गळतीमुळे राज्यभर चर्चेत आलं होतं आणि नंतर भिंतीत सिमेंटचं मिश्रण भरून दुरुस्तीची कामं झाली. धरणाला वळसा घालून रस्ता घाट चढू लागतो. वळणं जवळजवळ आहेत, गाडी सावकाश चालवावी. पावसाळ्यात इथे धुकं इतकं दाट असतं की पुढचं वळण दिसत नाही, आणि दरडीही येतात. खिंड ओलांडली की मुठेचं खोरं संपतं, मोसे नदीचं खोरं सुरू होतं आणि खाली पाणी दिसतं. त्या कोरड्या, पिवळ्या डोंगरांमध्ये ते निळं पाणी आणि त्याच्या काठावर गेरू-गुलाबी भिंतींची, लाल कौलांची रांग पाहून आई काही न बोलता काच खाली करून बघत राहिली. मलाही ते सुंदर वाटलं, हे मोकळेपणाने सांगायला हवं. लवासाबद्दल इतकं उलटसुलट ऐकलेलं असतं की तिथलं देखणेपण मान्य करायला माणूस बिचकतो.

दासव्यात गाडी लावून पायी फिरावं. तळ्याच्या काठाने फरसबंद रस्ता आहे, त्याला लागून ती प्रसिद्ध इमारतींची रांग. खाली कमानी, कमानींत दुकानं आणि खाण्याच्या जागा, वर लोखंडी कठड्यांचे सज्जे, लाकडी झडपांच्या खिडक्या. प्रत्येक दोन-तीन खिडक्यांनंतर रंग बदलतो, त्यामुळे एकच लांब इमारत वेगवेगळ्या घरांची वाटते. पोर्तोफिनोत ती खरोखरच वेगवेगळी घरं आहेत, वेगवेगळ्या कुटुंबांनी जागा मिळेल तशी उंच चढवलेली. तिथल्या रंगांबद्दल असं सांगतात की समुद्रावरून परतणाऱ्या कोळ्याला लांबून आपलं घर ओळखता यावं म्हणून ते भडक ठेवले गेले. हे वाचलं तेव्हा मला उत्तनच्या होड्या आठवल्या होत्या. उत्तन, चौक, भाटे बंदर, पाली हा आपल्या मीरा-भाईंदरचा समुद्राकडचा भाग. तिथल्या होड्याही रंगावरून आणि नावावरून ओळखल्या जातात, किनाऱ्यावर वलांड्यांवर बोंबील सुकत असतात आणि मागे चर्चचा मनोरा दिसतो. पोर्तोफिनोशी उत्तनचं खरं नातं जास्त जवळचं आहे, कारण दोन्ही गावं मासळीवर उभी राहिली. दासव्याच्या काठाला जाळं नाही, मासळी बाजार नाही. त्याचा पाण्याशी संबंध बघण्याचा आणि वल्ही मारण्याचा.

पण बांधणाऱ्यांनी काही गोष्टी फार विचाराने केल्या आहेत. रस्ते डोंगराच्या उताराबरोबर वळवलेत. पायी चालणाऱ्याला काठावर पहिला मान आहे. इमारती तळ्यापासून वर चढत जातात, त्यामुळे मागच्या घराचीही नजर अडत नाही. आराखडा अमेरिकेतल्या एचओके या वास्तुसंस्थेने केला होता आणि त्याला तिकडच्या व्यावसायिक संघटनेचा पुरस्कारही मिळाला. बांधकाम हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीचं, म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणाऱ्यांचंच. टाउन हॉल, परिषदांसाठीचं केंद्र, काही हॉटेलं, हॉटेल व्यवस्थापनाची संस्था, आणि थोडं वर ख्राइस्ट विद्यापीठाचं आवार. संध्याकाळी काठावर जी वर्दळ असते ती पर्यटकांइतकीच या विद्यार्थ्यांची. ते नसते तर आठवड्याच्या मधल्या दिवशी हे गाव फारच शांत वाटलं असतं. बरीच दालनं बंद आहेत, काही इमारती अर्ध्यावर थांबल्या आहेत. सळया वर आलेले मजले डोंगरउतारावर लांबूनही दिसतात.

जेवणाचं म्हणाल तर काठावर पिझ्झा-पास्त्यापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं, पण सुट्टीच्या दिवशी वाट बघावी लागते. मुक्काम करणार असाल तर खोली आधी ठरवूनच निघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठाने चालत बांधापर्यंत गेलो. मला हेच बघायचं होतं. दासव्यापुढे बांध घालून तळ्याचं पाणी वेगळं अडवलं आहे. बांधाच्या अलीकडे पाणी काठोकाठ होतं, कमानींचं प्रतिबिंब पडण्याइतकं स्थिर. पलीकडे वरसगावचा मुख्य जलाशय उतरलेला होता. डोंगराच्या पायाशी जिथवर पावसाळ्यात पाणी चढतं तिथवर झाडाचं नाव नव्हतं, नुसता तांबडा-करडा उघडा पट्टा, त्याच्या खाली भेगाळलेला गाळ. काही ठिकाणी गाळात दगडांच्या ओळी दिसत होत्या, जुन्या बांधांच्या असाव्यात. धरणांच्या काठी राहणारे लोक पाणी हटलं की अशा जमिनीत पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात.

इथे खऱ्या इटालियन तळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. कोमो, मज्जोरे, गार्दा ही तळी हिमनद्यांनी कोरलेली आहेत. कोमोची खोली चारशे मीटरहून जास्त. वारेन्ना किंवा बेल्लाजोसारख्या गावांत घराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, कारण तिथलं पाणी जागा फारशी सोडत नाही. तरीही कोमो अगदी मोकळं सोडलेलं तळं नाही. तळ्यातून अद्दा नदी जिथे बाहेर पडते त्याच्या खाली, ओल्जिनाते इथे, १९४६ पासून दरवाजे आहेत आणि त्यांनी तळ्याची पातळी साधारण दीड मीटरच्या पट्ट्यात राखली जाते. वर काठावर गावं आणि पर्यटक, खाली लोंबार्दीच्या मैदानातली शेती आणि वीजकेंद्रं. उन्हाळ्यात किती सोडायचं यावर तिथेही दरवर्षी तणातणी होते. आपल्याकडे ताण याच जातीचा आहे, पट्टा मात्र दीड मीटरचा राहत नाही. वरसगाव हे पाऊस साठवायचं धरण आहे. ते आठ महिन्यांत उतरायलाच बांधलं आहे. त्याच्या काठावर पायऱ्या पाण्यात उतरवायच्या असतील तर पाणी आधी वेगळं अडवावं लागतं. दासव्याचा बांध त्यासाठीच आहे. हा बांध नसता, तर मे महिन्यात या कमानींसमोर चिखल दिसला असता.

या बांधांवरून पुण्यात मोठा वाद झाला. लवासाला कृष्णा खोरे विकास महामंडळाची जमीन भाडेपट्ट्याने मिळाली, आणि खोऱ्यात असे अनेक बंधारे घालायची परवानगीही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. त्यांत वरसगाव एकटं जवळजवळ १२.८ टीएमसीचं, म्हणजे सगळ्यांत मोठं. पुण्यातल्या लोकांनी विचारलेला प्रश्न साधा होता: आमच्या धरणाच्या वरच्या अंगाला कोणी पाणी अडवून ठेवलं, तर आमच्यापर्यंत किती पोचणार?

लवासाची सरकारदरबारची वाट १९९६ साली सुरू झाली, जेव्हा राज्याने खासगी गुंतवणुकीतून नवी गिरिस्थानं उभारण्याचं धोरण आणलं. २००१ मध्ये या खोऱ्यातली १८ गावं त्यासाठी जाहीर झाली. २००८ मध्ये लवासाला स्वतःचं विशेष नियोजन प्राधिकरण मिळालं, म्हणजे नगर बांधणाऱ्यांच्या हाती नकाशे मंजूर करायचा अधिकारही आला. मला ही बाब सगळ्यांत खटकते. जो बांधतो त्यानेच मंजुरी द्यायची असेल तर गावकऱ्याने दाद कुठे मागायची? खोऱ्यातल्या मुगाव आणि आसपासच्या आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांनी जमिनींच्या व्यवहारांबद्दल तक्रारी केल्या, मोर्चे निघाले, मेधा पाटकर यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. पण मधल्या काळात कर्ज वाढत गेलं होतं. २०१७ मध्ये राज्य सरकारने विशेष प्राधिकरणाचा दर्जा काढण्याचा निर्णय घेतला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये लवासाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दासवे धरून अशी पाच नगरं एकामागून एक उभी राहायची होती. प्रवाशाला आज बघायला मिळतं ते बहुतांशी एकच.

डोंगर कापून बांधताना या पावसाचा हिशेब किती ठेवावा लागतो हे जुलै २०२४ मध्ये दिसलं. अतिवृष्टीत दासव्यात दरड कोसळून दोन बंगले गाडले गेले. म्हणून पावसाळ्यात जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जुलै-ऑगस्टमध्ये हवामान खात्याने घाटमाथ्यासाठी लाल किंवा नारिंगी इशारा दिला असेल त्या दिवशी हा घाट चढू नका. धबधबे सप्टेंबरातही असतात.

दासव्याहून पुढे मुगाव आणि त्यापुढे धामणओहोळकडे रस्ता जातो. बहुतेक गाड्या काठावरूनच परत फिरतात, पण वेळ असेल तर या बाजूला जरूर जावं. इमारती संपतात, खोरं अरुंद होत जातं आणि घाटमाथ्याची कड जवळ येते. हे मोसे खोरं पासलकरांचं. शिवाजी महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या साथीदारांपैकी बाजी पासलकर इथले देशमुख. वरसगावच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे, वीर बाजी पासलकर जलाशय. धामणओहोळच्या बाजूने लिंग्या घाट कोकणात उतरतो आणि कडेच्या खाली कुर्डुगडाचा सुळका उभा आहे. बाजी तिथे विश्रांतीला जात म्हणून त्याला विश्रामगडही म्हणतात, अशी तिथली सांगी आहे. ज्या खोऱ्याला कागदावर नवं गिरिस्थान करायचं ठरलं, तिथून देश आणि कोकण यांच्यातली वाहतूक शतकानुशतकं चालत होती. भात, नाचणी, वरई पिकवणारी, गुरं राखणारी गावं इथे होती. धरण झालं तेव्हा त्यातली काही पाण्याखाली गेली आणि उरलेली वर सरकली.

मुगावच्या बाजूला एका झापाशी पाणी प्यायला थांबलो. घरातल्या काकूंनी तांब्या दिला. आईने घोट घेऊन विचारलं, "गोड आहे पाणी. नळाचं का?" त्या म्हणाल्या, "न्हाई वो, झऱ्याचं. उन्हाळ्यात लांबून आणावं लागतं." समोर दरीत जलाशय चमकत होता. आई मग बराच वेळ गप्प होती आणि गाडीत बसल्यावर बोलली ते राईबद्दल. तिचं माहेर भाईंदरच्या राई गावातलं. लहानपणी विहिरीचं पाणी पुरत असे, मिठागरांच्या बाजूला खारं लागायचं, गावाच्या अंगाला गोडं. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ मध्ये झाली, महापालिका २००२ मध्ये. २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांच्या वर गेली होती. एवढ्या माणसांना पुरेल असं पाणी या खाडीकाठच्या पट्टीत नाहीच. ते आपल्याला स्टेम आणि एमआयडीसी या संस्थांकडून उल्हास नदीच्या खोऱ्यातून मिळतं. आणि पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणावरून एमएमआरडीएने जी योजना आखली, तिच्या दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरपैकी २१८ मीरा-भाईंदरच्या वाट्याला आहेत, १८५ वसई-विरारच्या. सूर्या धरण मुळात सिंचनासाठी झालं होतं. त्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी हे पाणी शहरांकडे वळवायला जोरदार विरोध केला होता. आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला की जी धावपळ होते तिच्यात हे कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. मुगावच्या उतारावर आईने ते एका वाक्यात सांगितलं: "आपण पण कुणाच्या तरी खोऱ्याचंच पितो."

म्हणून परतताना सरळ द्रुतगती मार्गाला न लागता आम्ही पाण्यामागे जायचं ठरवलं. पुण्यात मुक्काम करून सिंहगड रस्त्याने खडकवासला आणि तिथून पानशेतकडे. हा रस्ता मला दासव्याइतकाच आवडतो. डाव्या हाताला सिंहगड, उजव्या हाताला खडकवासल्याचं लांबलचक पाणी, काठावर मासे पकडणारी पोरं. पानशेत आणि वरसगाव या दोन धरणांच्या भिंती एकमेकींपासून जवळ आहेत. पानशेत आंबी नदीवर, वरसगाव मोसे नदीवर. दोन्हींचं पाणी खाली मुठेला मिळून खडकवासल्यात येतं. पानशेतला जाणाऱ्याने १२ जुलै १९६१ विसरू नये. बांधकाम पुरं होण्याआधीच भरलेलं धरण त्या दिवशी फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. आजचं पानशेत नंतर पुन्हा बांधलेलं आहे.

वरसगावची भिंत खालून बघितली की दासव्याच्या कमानी आठवतात आणि मग लक्षात येतं की त्या कमानींसमोरचं पाणी आणि हे पाणी एकाच नदीचं आहे. सांडव्याकडे जाऊ देत नाहीत, सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. भिंत रस्त्यावरूनही नीट दिसते.

संध्याकाळी खडकवासल्याच्या काठावर गर्दी होती. कणसं, कांदा भजी, चहा. धरणाची मूळ भिंत इंग्रजांच्या काळातली, १८७९ ची. दगडी बांधकाम अजून बघत राहावं असं आहे. इथून पाण्याच्या वाटा फुटतात. एक हिस्सा पुण्याच्या नळांना जातो. दुसरा उजव्या कालव्याने शहराच्या पोटातून हडपसरकडे, पुढे दौंड आणि इंदापूरच्या उसाला आणि गव्हाला. चहावाल्याचं गाव दौंड तालुक्यातलं निघालं. आईने त्याला विचारलं, "तुमच्याकडे पोचतं का हे पाणी?" तो म्हणाला, "आवर्तन सुटलं की पोचतं, मावशी. यंदा मार्चात सुटलं होतं. आता पुढचं कधी, ते पावसावर."